उतारवयातील जुने एट्रियल फिब्रिलेशन : ॲब्लेशनचा निर्णय कसा घ्यावा?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपण मला या व्यासपीठावरून बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. वार्षिक सभेत सहसा वर्षभरातील कार्याचा आढावा घेतला जातो, आणि तो आपण नुकताच ऐकला. मी मात्र एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात तो आता वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. प्रश्न असा : "बाबांच्या हृदयाचे ठोके सात-आठ वर्षांपासून अनियमित आहेत. आता त्यांचे वय पंचाहत्तर. कोणी सांगते ॲब्लेशन करून घ्या, कोणी म्हणते या वयात त्या वाटेला जाऊ नका. आम्ही काय करावे?"

या प्रश्नाचे अस्तित्व हीच एका अर्थाने प्रगतीची खूण आहे. कल्याण ही डॉ. आनंदीबाई जोशी यांची जन्मभूमी. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळवली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या काळी पंचाहत्तराव्या वर्षी हृदयावर कोणते उपचार करावेत, हा विचार फारच थोड्या घरांत होत असेल. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत १९६० ते १९८० च्या दशकांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. रोज दोन-तीन तास लोकलचा प्रवास करून ज्यांनी संसार उभे केले, त्यांच्या उतारवयाचा हा प्रश्न आहे.

हा विकार म्हणजे नेमके काय?

आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. उजव्या अलिंदात विद्युत्‌संदेश निर्माण करणारे एक छोटे केंद्र असते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. या केंद्रातून मिनिटाला साधारण साठ ते शंभर संदेश निघतात. ते अलिंदांतून पसरतात, मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबतात आणि मग निलयांकडे जातात. ही चौकी जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये दाखवून दिली.

आपल्या परिसरातील माणसाला हे समजावून सांगणे सोपे आहे. कल्याण जंक्शनवर कसाऱ्याकडून आणि कर्जतकडून येणाऱ्या गाड्या एकत्र येतात आणि सिग्नल मिळाल्यावर क्रमाने पुढे सोडल्या जातात. समजा, एखाद्या दिवशी दोन्ही मार्गांवरून शेकडो गाड्या कोणत्याही वेळापत्रकाविना एकाच वेळी येऊ लागल्या, तर जंक्शनवरचा सिग्नल जमतील तेवढ्याच पुढे सोडेल. परंतु त्यांच्यातील अंतर कधी कमी, कधी जास्त राहील. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये असेच घडते. अलिंदांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत संदेश फिरू लागतात. अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. मधली चौकी त्यांतील काहीच संदेश खाली सोडते आणि नाडी वेगवान व पूर्णतः अनियमित होते.

अशा अनियमित नाडीची ओळख वैद्यांना फार पूर्वीपासून होती. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिस या वनस्पतीच्या उपयोगाविषयी ग्रंथ लिहिला. त्यापासून मिळणारे डिगॉक्सिन आजही आपल्या औषधालयात आहे. विल्हेम आइनथोव्हेन यांच्या यंत्रामुळे ईसीजी काढणे शक्य झाले आणि १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुइस यांनी या विकाराचे स्वरूप ईसीजीच्या आधारे स्पष्ट केले. आजही निदानासाठी साधा ईसीजी पुरतो.

हा विकार वयाबरोबर वाढतो. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार ऐंशीच्या पुढील दर दहा व्यक्तींपैकी सुमारे एकाला तो असतो. आपल्याकडील चित्र थोडे निराळे आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशातील २४ केंद्रांतील १५३७ रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास आढळले आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत संधिवातज्वरामुळे झालेला झडपेचा विकार होता. म्हणून आपल्याकडे पहिला प्रश्न झडपेचा असतो. झडप अरुंद असेल तर आधी तिचा विचार करावा लागतो आणि औषधेही वेगळी निवडावी लागतात. मी पुढे जे सांगणार आहे, ते प्रामुख्याने झडप चांगली असलेल्या वयस्क रुग्णांविषयी आहे.

सर्वांत आधी पक्षाघातापासून संरक्षण

ॲब्लेशनविषयी बोलण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. या विकारात सर्वांत मोठे भय पक्षाघाताचे आहे. थरथरणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाच्या एका लहानशा कोपऱ्यात, रक्त साचते आणि गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घकालीन अभ्यासातून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

हा धोका कमी करण्यासाठी रक्तात गुठळी होऊ न देणारी औषधे दिली जातात. व्यवहारात आपण त्यांना रक्त पातळ करणारी औषधे म्हणतो. कोणाला ती द्यावीत, हे ठरवण्यासाठी गुणांची पद्धत आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, रक्तवाहिन्यांचा विकार, पूर्वीचा पक्षाघात आणि वय यांचे गुण मोजले जातात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला केवळ वयाचेच दोन गुण मिळतात. याचा अर्थ असा की, पंचाहत्तरीपुढील बहुतेक रुग्णांना ही औषधे लागतातच.

"वय झाले आहे, रक्तस्राव होईल, त्यापेक्षा ॲस्पिरिन बरे," असे अनेक घरांत म्हटले जाते. २००७ मध्ये इंग्लंडमधील पंचाहत्तर वर्षांवरील ९७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पक्षाघात वा तत्सम गंभीर घटनांचे प्रमाण वर्षाला ३.८ टक्के, तर वॉर्फरिन घेणाऱ्यांत १.८ टक्के होते आणि मोठ्या रक्तस्रावाच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. २०१० पासून डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान ही नवी औषधे उपलब्ध झाली. त्यांना वारंवार आयएनआर तपासणीची गरज नसते. मात्र संधिवातज्वराने झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी वॉर्फरिनच्या वर्गातील जुनी औषधेच अधिक श्रेयस्कर आहेत. भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते दाखवून दिले.

हे सारे आधी सांगण्याचे कारण असे की, "ॲब्लेशन केले की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुटतील" या आशेने अनेक वृद्ध रुग्ण येतात. ही आशा बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण होत नाही. उपचारानंतर पहिले दोन-तीन महिने त्या सर्वांनाच घ्याव्या लागतात आणि पुढेही निर्णय नाडीवर नव्हे, तर पक्षाघाताच्या गुणांवर अवलंबून असतो. गोळ्या बंद करणे हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे, त्यांनी ॲब्लेशनला होकार देण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

ॲब्लेशन : कोठून आले, कसे करतात

१९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हेसाग्वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधूनमधून हा विकार उद्भवणाऱ्या रुग्णांत त्याला चेतवणाऱ्या ठिणग्या कोठून येतात, हे त्यांनी शोधले. त्यांतील ९४ टक्के ठिणग्या फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या चार शिरांच्या मुखाशी सापडल्या. या शिरांच्या मुखाभोवती सूक्ष्म व्रणांचे वर्तुळ केले, तर ठिणग्या अलिंदापर्यंत पोहोचत नाहीत. आजच्या ॲब्लेशनचा पाया हाच आहे.

प्रत्यक्षात जांघेतील शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेल्या जातात. दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्र करून डाव्या बाजूस प्रवेश केला जातो. मग रेडिओ लहरींच्या उष्णतेने, फुग्यातील अतिशीत वायूने किंवा अलीकडे अत्यल्पकालीन विद्युत्‌स्पंदांनी व्रण केले जातात. या शेवटच्या पद्धतीत अन्ननलिकेसारख्या शेजारच्या अवयवांना इजा होण्याचे भय कमी असते. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

जुना विकार वेगळा का?

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. वैद्यकशास्त्रात या विकाराचे काळानुसार प्रकार केले जातात. आपोआप किंवा उपचाराने सात दिवसांच्या आत थांबणारा तो अधूनमधून येणारा. त्याहून अधिक टिकणारा तो चिवट. आणि सलग एक वर्षाहून अधिक चाललेला तो दीर्घकालीन चिवट. सात-आठ वर्षे सतत अनियमित नाडी असलेले आजोबा या तिसऱ्या प्रकारात मोडतात.

१९९५ मध्ये नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथे शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांत एक मार्मिक गोष्ट दिसली. कृत्रिमरीत्या हा विकार पुनःपुन्हा चेतवला, तर सुरुवातीला तो लवकर थांबे. पण जसजसा तो अधिक काळ राही, तसतसा तो थांबेनासा होई. म्हणजे विकार स्वतःच स्वतःचे मूळ घट्ट करतो. माणसांतही वर्षानुवर्षे थरथरणारे अलिंद ताणले जाते, मोठे होते आणि त्याच्या स्नायूंत तंतुमय ऊतक वाढते. मग ठिणग्या केवळ शिरांच्या मुखाशीच राहत नाहीत, तर संपूर्ण भिंतच विकाराला पोसू लागते.

याचा परिणाम यशाच्या प्रमाणावर होतो. अधूनमधून येणाऱ्या विकारात एका उपचारानंतर वर्षभर विकारमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण साधारण सत्तर टक्के मानले जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चिवट विकाराच्या ५८९ रुग्णांपैकी ज्यांच्यात केवळ शिरांच्या मुखांचे ॲब्लेशन केले, त्यांतील सुमारे ५९ टक्के रुग्ण दीड वर्षानंतर विकारमुक्त होते आणि अधिक ठिकाणी व्रण केल्याने त्यात भर पडली नाही. दीर्घकालीन चिवट विकारात हे प्रमाण आणखी खाली येते. एका उपचाराने निम्म्या रुग्णांनाही कायमचा आराम मिळेलच असे सांगता येत नाही आणि अनेकांना दुसऱ्यांदा उपचार करावा लागतो. इकोकार्डिओग्राफीत डावे अलिंद पाच-साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेले असेल, तर शक्यता अधिकच कमी.

वय आड येते का?

केवळ जन्मतारीख पाहून नकार देऊ नये, हे आज सर्वमान्य आहे. तरीही उपलब्ध पुरावा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २००२ मध्ये सरासरी सत्तर वर्षे वयाच्या ४०६० रुग्णांच्या अभ्यासात औषधांनी लय पूर्ववत करण्याचा प्रयत्न आणि केवळ वेग आटोक्यात ठेवणे, यांत आयुर्मानाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. २०१९ च्या २२०४ रुग्णांच्या अभ्यासात ॲब्लेशनमुळे मृत्यू, पक्षाघात इत्यादींचे एकत्रित प्रमाण औषधांच्या तुलनेत निर्णायकपणे कमी झाले नाही. मात्र विकाराची पुनरावृत्ती कमी झाली आणि जीवनमान सुधारले. त्याच अभ्यासाच्या वयानुसार विश्लेषणात पासष्टच्या आतील रुग्णांना अधिक लाभ दिसला. पंचाहत्तरच्या पुढे तसा लाभ दिसून आला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात लय पूर्ववत करण्याचे उपचार लवकर केल्यास फायदा होतो, असे दिसले. परंतु ते रुग्ण निदान होऊन एक वर्ष न झालेले होते. आठ वर्षांच्या जुन्या विकाराला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

याउलट, एका गटाला ॲब्लेशनचा विशेष उपयोग होऊ शकतो. या विकाराबरोबरच ज्यांचे हृदयही दुर्बल आहे, त्यांच्याविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६३ रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू किंवा हृदय-दुर्बलतेसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण औषधांच्या गटात ४४.६ टक्के, तर ॲब्लेशनच्या गटात २८.५ टक्के होते. ते रुग्ण सरासरीने तरुण, साठीच्या घरातील होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

धोक्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शंभरांत सुमारे दोन ते चार रुग्णांना काही गंभीर गुंतागुंत होते. हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात, जांघेतील रक्तवाहिनीला इजा, श्वासपटलाच्या नसेला इजा, आणि क्वचित अन्ननलिकेला छिद्र, ही त्यांची उदाहरणे. मृत्यूचे प्रमाण हजारांत एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. वार्धक्यात, विशेषतः मूत्रपिंड किंवा फुप्फुसे दुबळी असतील तर, हे धोके वाढतात.

दोन आजोबा, दोन उत्तरे

समजा, ठाण्यातील एक गृहस्थ, वय एकाहत्तर. दोन वर्षांपासून विकार सतत आहे. पूर्वी रोज सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारत. आता अर्ध्या फेरीतच धाप लागते. हृदयाची पंपिंग क्षमता कमी झाली आहे, अलिंद मध्यम आकाराचे आहे, औषधांनी वेग आटोक्यात असूनही थकवा जात नाही. दुसरा कोणताही मोठा आजार नाही. अशा व्यक्तीला अनुभवी केंद्रात ॲब्लेशनचा सल्ला घेण्यास मी आवर्जून सांगेन.

आता समजा, डोंबिवलीतील दुसरे गृहस्थ, वय एकोणऐंशी. दहा वर्षांपासून विकार आहे. अलिंद खूप मोठे झाले आहे. पंपिंग क्षमता चांगली आहे. नाडी अनियमित आहे, पण वेग सत्तर-ऐंशी. जिना सावकाश चढतात, वाचन आणि नातवंडांत रमतात, स्वतःला कसलाही त्रास नाही असे सांगतात. मुलांना मात्र वाटते की, उपचार राहून जाऊ नयेत. येथे ॲब्लेशनने मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे बरेच आहे. त्यांना गोळ्या, रक्तदाबाचे नियंत्रण आणि नियमित तपासणी पुरेशी आहे. त्यांच्यावर ॲब्लेशन न करणे म्हणजे त्यांची उपेक्षा करणे नव्हे, हे मुलांनी मनाला पटवून घ्यावे.

या दोघांच्या मधल्या अनेक रुग्णांसाठी एक उपयुक्त मार्ग आहे. पुष्कळ वृद्ध माणसे थकव्याला वयाचा परिणाम समजतात आणि विकाराचा त्यात वाटा किती, हे कोणालाच कळत नाही. अशा वेळी किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारे औषध नियमित घेतल्यानंतर, थोडी भूल देऊन, बाहेरून विजेचा नियंत्रित धक्का दिला जातो आणि लय काही काळासाठी पूर्ववत केली जाते. त्यानंतरही औषध किमान चार आठवडे चालू ठेवावे लागते. लय काही आठवडे टिकली आणि त्या काळात आजोबांना "अरे, मला पुन्हा चालता येते," असे जाणवले, तर ॲब्लेशनच्या विचाराला आधार मिळतो. लय नीट असूनही काहीच फरक वाटला नाही, तर पुढे न जाण्याचा निर्णय मनाला शांती देतो. लय एक दिवसही टिकली नाही, तर तीही एक माहितीच असते.

ॲब्लेशन नको ठरले, तर?

तर उपचार संपले असे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ६१४ रुग्णांच्या अभ्यासात विश्रांतीच्या वेळी नाडी ११० च्या आत ठेवणे हे बहुतेकांना पुरेसे असल्याचे दिसले. ज्यांची नाडी औषधांनीही आवरत नाही, अशा वृद्धांसाठी आणखी एक मार्ग आहे. पेसमेकर बसवून अलिंद व निलय यांमधील चौकीच ॲब्लेशनने बंद केली जाते. यालाही ॲब्लेशनच म्हणतात, म्हणून नातेवाइकांचा गोंधळ होतो. या उपचारात मूळ विकार तसाच राहतो. परंतु नाडी नियमित होते. त्यानंतर रुग्ण पेसमेकरवर अवलंबून राहतो, म्हणून निर्णय विचारपूर्वक घ्यावा. डॉक्टरांनी "ॲब्लेशन" हा शब्द उच्चारला की "कोणते?" हा प्रश्न नातेवाइकांनी अवश्य विचारावा.

वजन, रक्तदाब, घोरण्याशी निगडित झोपेतील श्वासरोध आणि मद्यपान या चार गोष्टींकडेही लक्ष द्यावे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल रुग्णांनी दहा टक्के किंवा अधिक वजन टिकाऊपणे कमी केले, तेव्हा विकारमुक्त राहण्याची शक्यता अनेकपटींनी वाढली. हा उपचार कोणत्याही कॅथ लॅबविना होतो.

डॉक्टरांना विचारावेत असे प्रश्न

निर्णयापूर्वी रुग्णाने व कुटुंबाने हे प्रश्न लिहून न्यावेत :

१. झडपेचा विकार आहे का? थायरॉइडची तपासणी झाली आहे का?
२. विकार सतत किती वर्षांपासून आहे आणि डाव्या अलिंदाचा आकार किती आहे?
३. या उपचाराने नेमके कोणते लक्षण कमी होईल, अशी अपेक्षा आहे?
४. या केंद्रात असे किती उपचार होतात? दुसऱ्यांदा करावा लागण्याची शक्यता किती, आणि त्याचा खर्च कसा?
५. उपचारानंतर कोणती औषधे चालू राहतील?
६. उपचार केला नाही, तर पुढील दोन-तीन वर्षांत काय होण्याची शक्यता आहे?

आणि हे प्रश्न विचारताना आजी-आजोबांना खोलीबाहेर बसवू नये. आपल्याकडे मुले प्रेमापोटी निर्णय घेतात आणि आईवडील मुलांचा खर्च नको म्हणून गप्प राहतात. दोन्हींमागे मायाच असते. पण त्या मायेत रुग्णाचे स्वतःचे मत हरवता कामा नये.

खर्च आणि आपली जबाबदारी

हा उपचार महागडा आहे. विशेष नळ्या आणि हृदयाचा नकाशा काढणारी यंत्रणा यांमुळे खर्च काही लाखांत जातो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यावरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वय वंदना कार्डाद्वारे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सुरू झाले. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. आपला विशिष्ट उपचार आणि निवडलेले रुग्णालय योजनेत बसते का, हे आरोग्यमित्रांकडून आधीच लेखी समजून घ्यावे. परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हृदयरोग विभागाचे मत घेता येते. कल्याणहून तेथवरचा प्रवास वृद्धांना जड जातो हे खरे. पण कर्ज काढण्यापूर्वी तो एकदा करावा. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवायच्या असतात, तसेच देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. हा रुग्णाचा हक्क आहे, त्याची माहिती मागण्यात संकोच नसावा.

देणगीदारांना एक नम्र विनंती करून थांबतो. आपल्या दानातून मोठी यंत्रे यावीत, ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि, या विकारात सर्वाधिक जीव वाचवणारी गोष्ट साधी आहे. पासष्टीपुढील प्रत्येक व्यक्तीची नाडी तीस सेकंद मोजणे, अनियमित वाटल्यास ईसीजी काढणे, आणि निदान झाल्यास गोळ्या खंड न पडता मिळतील, आयएनआर तपासणी परवडेल, अशी व्यवस्था करणे. विकार लवकर सापडला, तर ॲब्लेशनचा प्रश्नही योग्य वेळी, म्हणजे अलिंद ताणले जाण्यापूर्वी विचारता येतो. आठ वर्षांनंतर पडणारा कठीण प्रश्न पहिल्याच वर्षी सोपा असतो. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहात, गृहसंकुलांत, देवळांच्या प्रांगणात अशी तपासणी शिबिरे घेता येतील. त्यांना एक परिचारिका, एक ईसीजी यंत्र आणि थोडी चिकाटी लागते.

आणि ज्यांच्या घरी हा निर्णय आज प्रलंबित आहे, त्यांना एवढेच सांगतो : ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. गोळ्या चालू असतील, नाडीचा वेग आटोक्यात असेल, तर विचार करण्यास, दुसरे मत घेण्यास आणि आजी-आजोबांशी निवांत बोलण्यास आपल्यापाशी वेळ आहे. मात्र चेहरा वाकडा होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, यांतील काहीही घडले, तर क्षणाचाही विलंब न करता मेंदूचा सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते आणि आपल्या रस्त्यांवरील वाहतूक लक्षात घेता ते फार थोडे आहेत.